तीनदा विचारतात

आमच्या नीलमने तुर्की भाषा घेतली तेव्हा मी तिला पहिला प्रश्न विचारला, "त्याचं करायचं काय? लोणचं घालायचं?"

हे सांगायला मला लाज वाटत नाही. मी गोवंडीत अंगणवाडी सेविका आहे, एकोणीस वर्षं झाली. रोज तीस-पस्तीस पोरं माझ्यासमोर बसतात, त्यातली निम्मी नाक पुसायला माझाच पदर शोधतात. मला वजनकाटा कळतो, खिचडी कळते, लसीकरणाचा दिवस कळतो. तुर्की नाही कळत. आणि नीलमला ते वेड लागलं कशावरून, तर सिरीयलवरून! हिंदीत डब केलेल्या तुर्की सिरीयली आम्ही दोघी मोबाइलवर बघायचो. मी हिरो बघायचे आणि ही त्याचे ओठ बघायची. "ताई, हा बोलतोय वेगळंच," म्हणायची. इतिहासात बी.ए. झाली आणि बाईने थेट युनिव्हर्सिटीत तुर्कीला नाव घातलं. आधी सर्टिफिकेट, मग डिप्लोमा, मग त्याच्या वरचा डिप्लोमा. सकाळी नोकरी आणि संध्याकाळी क्लास, अशी चार वर्षं काढली तिने.

क्लासला शिकवायला इस्तंबूलच्या एक बाई होत्या. मुली त्यांना 'होजाम' म्हणायच्या, म्हणजे आपलं गुरुजी म्हटल्यासारखं. त्या बाईंनी शिकवलेलं नीलम घरी येऊन आम्हाला ऐकवायची. एकदा तिने शब्दच वाचून दाखवले. हवा, दुनिया, साबण, दुकान, मैदान, पडदा, हक्क. हे सगळं म्हणे त्यांच्याकडेही आहे, जरा वेगळं म्हणतात इतकंच.

"म्हणजे अर्धी तुर्की मला येतेच की," मी म्हटलं. "मग फी कशाला भरतेस?"

बाबा मात्र खुर्ची ओढून ऐकत बसायचे. आमचे बाबा, शिवदास. महानगरपालिकेच्या सफाई खात्यातून मुकादम म्हणून रिटायर झाले, सगळी नोकरी देवनारला काढली. सातवी शिकलेला माणूस, पण इतिहास म्हटलं की जेवण विसरायचे. नीलमने एकदा सांगितलं, की तुर्कस्तानात शंभर वर्षांपूर्वी सरकारने लिपी बदलून टाकली. जुनी अरबी अक्षरं गेली, नवी आली. आता तिथल्या नातवाला आजोबाचं पत्र वाचता येत नाही, थडग्यावरचं नाव वाचता येत नाही. म्हणून तिला ती जुनी लिपीही शिकायची होती. बाबांनी खुर्ची आणखी जवळ ओढली. मग म्हणाले, "त्यांचं निदान पत्र तरी आहे. माझ्या आज्याला कुणी अक्षर शिवू दिलं होतं?" नीलमने ते वाक्य वहीत लिहून घेतलं.

आता हे सगळं मी हसत सांगतेय, पण मला सांगायचंय ते वेगळंच आहे.

नीलम माझी बहीण. माझ्याहून सतरा वर्षांनी लहान. मला बारावीला अठ्ठ्याहत्तर टक्के होते. मीही इतिहासच घेतला होता, चेंबूरच्या कॉलेजात. दोन महिने गेले होते फक्त. आयकार्डाला लावायला फोटो काढला होता, दोन वेण्यांचा. तेवढ्यात आईला, सुंदराबाईला, टीबी निघाला. नीलम दीड वर्षाची होती. मधला आकाश दहावीत. बाबा पहाटे पाचला घर सोडायचे. एका दुपारी मी स्टोव्हजवळ उभी होते, तर बाबा आले आणि म्हणाले, "माधुरी, एक वर्ष घरी राहशील का गं?"

मी म्हटलं, "राहीन."

एवढंच बोलणं झालं. आकाशला कुणी विचारलं नाही. तो मुलगा, त्याचं दहावीचं वर्ष. आई पुढच्या उन्हाळ्यात गेली. नीलम माझ्याच कडेवर बोलायला शिकली, मलाच आधी 'आई' म्हणाली, मग मी तिला 'ताई' शिकवलं. आकाश डिप्लोमा करून नोकरीला लागला, लग्न करून कांदिवलीला गेला. मला दोन स्थळं आली, दोघांनीही विचारलं की धाकटीचं काय करणार. मी म्हटलं, सोबत आणणार. दोघंही चहा पिऊन गेले. ते एक वर्ष अजून संपलेलं नाही.

बरं, बाबा वाईट होते का? मुळीच नाही. तिथेच तर सगळी ग्यानबाची मेख आहे. वस्तीत कुणी मुलीची शाळा बंद केली, की आमचे बाबा त्याच्या दारात हजर. "बाबासाहेबांचा फोटो लावता आणि पोरीला घरी बसवता? उतरवा तो फोटो!" असं ओरडायचे. चेतना नावाची मुलगी आहे आमच्या वस्तीतली. तिच्या बापाने तिला आठवीतून काढलं होतं. बाबा सलग नऊ दिवस त्याच्या उंबऱ्यावर जाऊन बसले, तेव्हा कुठे तो वाकला. ती आज सरकारी हॉस्पिटलात नर्स आहे. सगळे बाबांना शिवदासमामा म्हणायचे, आणि जयंतीला मुलींच्या शिक्षणावर भाषण त्यांचंच. मी खाली बायकांत बसून टाळ्या वाजवायचे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा असतो.

यंदाच्या मे महिन्यात दोन गोष्टी एकदम झाल्या. नीलमला तुर्कस्तानची स्कॉलरशिप लागली. अंकारा नावाच्या शहरात इतिहासात एम.ए. करायचं, सप्टेंबरात निघायचं. आणि बाबांच्या हृदयात तीन ठिकाणी अडथळे निघाले. बायपासची तारीख मिळाली जुलैची.

त्याच दिवसांत नीलमचा शेवटचा निबंध चालला होता. विषय होता, तिकडचे लोक निरोप कसा घेतात. एका रविवारी दुपारी ती आम्हाला वाचून दाखवत होती. मी मेथी निवडत होते आणि बाबा पलंगावर उशीला टेकून बसले होते.

ती म्हणाली, "त्यांच्यात कुणी लांब निघालं, सैन्यात निघालं, ऑपरेशनला निघालं, की सगळ्यांकडे जातात आणि म्हणतात, तुझा माझ्यावर जो हक्क असेल तो सोडून दे. 'हक्कीनी हेलाल एत.' म्हणजे मी तुझं काही घेतलं असेल, तुला दुखवलं असेल, तुझं माझ्याकडे राहून गेलं असेल, ते सोड."

"हेलाल म्हणजे ते मटणाच्या दुकानावर लिहितात तेच?" मी विचारलं.

"तेच गं. आता शुद्ध झालं, मोकळं झालं, असं. आणि समोरचा म्हणतो, 'हेलाल ओल्सून.' सोडला. माणूस मेला तर त्याच्या वतीने मौलवी विचारतो. मयत समोर असते. तो सगळ्यांना विचारतो, या माणसाला तुम्ही कसं ओळखत होता? सगळे म्हणतात, चांगला म्हणून ओळखत होतो. मग विचारतो, आपला हक्क सोडता का? लोक म्हणतात, सोडला. असं तीनदा विचारतात. त्याशिवाय उचलत नाहीत."

बाबा उठून बसले. "आपण विहारात क्षमा मागतो ती भन्तेजींपुढे," ते म्हणाले. "भन्तेजींचं काय आपण घोडं मारलेलं असतं? हे लोक शेजाऱ्याकडे मागतात. हे अवघड आहे."

मग त्यांनी नीलमकडून ते तुर्की वाक्य पाच-सहा वेळा म्हणून घेतलं. दात पडलेले, त्यामुळे 'हेलाल' म्हणताना हवाच जास्त निघायची. आम्ही तिघं हसलो. मला वाटलं, संपला विषय.

कसला संपतोय! दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमचे बाबा पांढरा शर्ट घालून, लिफ्टने खाली उतरले आणि सुरूच झाले. वस्तीच्या जागी झालेल्या आमच्या बिल्डिंगमधल्या एकेकाकडे जायचं, खुर्चीवर बसायचं, पाणी प्यायचं आणि म्हणायचं, "माझ्याकडून तुझं काही राहिलं असेल, तुला काही बोललो असेन, तर सोडून दे बाबा. ऑपरेशनला चाललोय."

आता आमच्याकडे असं कोण विचारतं? तळमजल्यावरच्या म्हातारीला वाटलं, डॉक्टरांनी सांगितलंच असणार. तिने तिथेच गळा काढला. तासाभरात सात मजल्यांवर बातमी, शिवदासमामा चालले. रात्रीचं जेवण व्हायच्या आत घरात चार शहाळी आणि एक बिस्किटांचा पुडा. इस्त्रीवाला तर उलटा घाबरला. "मामा, तुम्ही माझं काय केलंय ते आधी सांगा, मग मी सोडतो," म्हणाला. बाबांना आठवेना. शेवटी ठरलं, की जे काही असेल ते सोडलं. मी कपाळावर हात मारून घेतला. "नीलम, वाट लावलीस तू," मी म्हटलं. पण ती बघत होती आणि तिचे डोळे भरले होते.

कारण बाबा चेष्टा करत नव्हते. ते प्रीतमकडे गेले. प्रीतम आमच्या विहाराच्या समितीतला. बाबांचं आणि त्याचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. बाबांनी भर सभेत त्याला चोर म्हटलं होतं आणि नंतर कळलं होतं की चोर तो नव्हता. पण बाबांनी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी ते त्याच्या दुकानात गेले आणि गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "मी तुला चोर म्हटलं. तू नव्हतास. मला माहीत होतं." प्रीतमने दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि आत बाबांना मिठी मारली म्हणे. हे मला प्रीतमनेच सांगितलं.

मी मात्र तेव्हापासून वाट बघायला लागले.

खोटं कशाला बोलू? मी वाट बघत होते. चोवीस वर्षं मी कुणाला काही बोलले नव्हते, स्वतःशीही नाही. पण हा माणूस इस्त्रीवाल्याला विचारतो, लिफ्टमनला विचारतो, म्हणजे माझी पाळी येणारच ना? मी मनात सगळं ठरवूनही ठेवलं. ते विचारतील, मग मी थोडं गप्प बसेन. मग सांगेन की बाबा, मला लागलं होतं. ते आयकार्ड मी अजून टाकलेलं नाही. मग जे व्हायचं ते होईल.

पुढच्या रविवारी आकाश कांदिवलीहून आला. बाबांनी त्याला समोर बसवलं. लहानपणी एकदा पट्ट्याने मारलं होतं, ते सोडून दे म्हणाले. आकाश तिथेच हमसून हमसून रडला, एवढा चाळिशीचा बाप्या. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. पट्ट्याचे तीन फटके! मला ते दिवस आठवत होते, दोन दिवसांत वळही गेले होते. मी तव्यावरची पोळी इतकी जोरात उलटली की चटका बसला.

तेव्हापासून मी बाबांना संधी देत सुटले. रोज अंगणवाडीतून आल्यावर त्यांच्याजवळ बसायचे. नखं कापून दिली. पायाला तेल लावलं. नीलम क्लासला गेलेली, घरात आम्ही दोघंच, पंखा चालू. ते छताकडे बघायचे. मी म्हणायचे, "बोला बाबा." ते म्हणायचे, "काय बोलू? भाजी छान झाली होती."

ऑपरेशनच्या चार दिवस आधी मला राहवलं नाही. मी सरळ विचारलं, "बाबा, कुणी राहिलं का विचारायचं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "नाही. सगळे झाले."

मी उठले आणि सगळी भांडी घासली, स्वच्छ होती ती पण.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सातला त्यांना आत नेणार होते. हिरवा गाऊन घातलेला, टोपी घातलेली, एवढेसे दिसत होते. आकाश कागदांवर सह्या करत होता. नीलमने त्यांचा हात धरला आणि ते तिला म्हणाले, "हक्कीनी हेलाल एत." तिने म्हटलं, "हेलाल ओल्सून, बाबा." स्ट्रेचर हललं. मी बाजूने चालत होते. दार येईपर्यंत मी चालत होते. दाराशी त्यांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला.

"सांभाळ," म्हणाले. "आणि नाश्ता केला नाहीस तू. खाऊन घे."

दार बंद झालं. मी कँटीनमध्ये जाऊन खरंच इडली खाल्ली, सांगितलं म्हणून. रागाने खाल्ली.

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर, नर्स, सगळ्यांनी जीव ओतून केलं. पण चौथ्या दिवशी पहाटे त्यांचं हृदय थकलं ते थकलंच. शुद्धीवर होते तेव्हा नळ्या होत्या तोंडात. बोलता येत नव्हतं.

बाबा गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाला विहाराचा हॉल भरून बाहेर चपला रस्त्यापर्यंत गेल्या होत्या. वंदना झाली. मग लोक एकेक उठून बोलायला लागले. प्रीतम बोलला, त्याला पुरतं बोलता आलं नाही. चेतना ड्यूटीवरून तशीच आली होती. ती म्हणाली, "मामा नऊ दिवस आमच्या दारात बसले नसते, तर मी आज भांडी घासत असते. वस्तीतल्या प्रत्येक मुलीला त्यांनी स्वतःची मुलगी मानलं."

माझ्या मनात आलं, मग स्वतःच्या मुलीला काय मानलं? मी पुढच्या रांगेत होते. हातात त्यांचा चष्मा होता, तो मी या हातातून त्या हातात करत होते.

शेवटी नीलम उठली. पांढरी साडी, माझीच. तिने माईक घेतला आणि म्हणाली, "मी जिथे शिकायला चाललेय, तिथे माणसाला निरोप देताना सगळ्यांना विचारतात. बाबांना ती रीत फार आवडली होती. तुम्हाला सगळ्यांना त्यांनी जाऊन विचारलं, ते त्यामुळेच. आज त्यांच्या वतीने मी विचारते. या माणसाला तुम्ही कसं ओळखत होता?"

"चांगला माणूस," लोक म्हणाले. कुणी 'देवमाणूस' म्हणालं, मग आमच्या विहारात देव कुठला म्हणून स्वतःच जीभ चावली.

"आपला हक्क सोडता का?"

"सोडला," अख्खा हॉल म्हणाला.

तिने दुसऱ्यांदा विचारलं. "सोडला." बायका रडायला लागल्या. आकाशही म्हणाला, मोठ्याने.

तिसऱ्यांदा विचारताना नीलम माझ्याकडे बघत होती. थेट माझ्याकडे. मला वाटलं, म्हणजे हिलाही आता माझ्याकडून तेच हवंय. सगळ्यांचं उरकलं, ताईचंही उरकून टाकू. "आपला हक्क सोडता का?" ती म्हणाली आणि हॉल म्हणाला, "सोडला," आणि मी उभी राहिले.

"माझा नाही सोडला," मी म्हटलं.

आकाशने माझा पदर ओढला. "ताई, खाली बस. लोक बघतायत."

"बघू देत! विचारलंय ना? मग उत्तर ऐका की." माझा आवाज फाटला होता, मला कळत होतं. "प्रीतमला विचारलं. इस्त्रीवाल्याला विचारलं. मला नाही विचारलं. मी काय घरातलं भांडं आहे? माझं कॉलेज गेलं, माझं सगळं गेलं, आणि हा माणूस मला म्हणतो नाश्ता कर! नाही सोडला मी. लिहून घ्या."

बौद्धाचार्यांनी घाईघाईने शेवटच्या गाथा सुरू केल्या. मी मधल्या वाटेने चालत बाहेर गेले. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं आणि सगळे बघत होते.

विहाराच्या मागे जेवणाची मोठी पातेली पडली होती. मला दुसरं काही सुचलं नाही, म्हणून मी नळ सोडला आणि घासायला बसले. थोड्या वेळाने नीलम आली. ती समोर उकिडवी बसली, माझी साडी मातीत गेली तरी तिला पर्वा नव्हती. तिने दुसरी घासणी उचलली.

"बोल," मी म्हटलं. "शिव्या घाल."

"ताई, मी बाबांना विचारलं होतं," ती म्हणाली. "ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. तू अंगणवाडीत होतीस. मी म्हटलं, बाबा, तुम्ही सगळ्यांना विचारलंत, ताईला का नाही? खरं तर तिलाच आधी विचारायला हवं."

माझा हात थांबला.

"ते म्हणाले, 'माधुरीकडे मी जन्मात एकदाच मागितलं. तोंडातून ब्र न काढता दिलं तिने. आता परत तिच्याकडेच मागू? मी मागितलं की ती देणारच, तिला नाही म्हणताच येत नाही. तो हक्क तेवढा तिच्याकडे राहू दे. तिचं तेवढंच एक मी घेतलेलं नाही.'"

नळाचं पाणी पातेल्यातून वर येऊन सांडत होतं. दोघींनीही बंद केलं नाही.

"तिला सांगू नकोस म्हणाले. मी सांगणारही नव्हते," नीलम म्हणाली. "आणि तिसऱ्यांदा मी तुझ्याकडे बघत होते ना, ते तू सोडावंस म्हणून नाही गं. मला भीती वाटत होती. वाटत होतं, सगळ्यांबरोबर तूही सवयीने हो म्हणून टाकशील."

मग मी रडले. आई गेली तेव्हा नीलम कडेवर होती म्हणून रडता आलं नव्हतं, ते सगळं धरून रडले. खरकट्या हातांनी तोंड झाकून रडले. नीलमने मला धरलं, मी तिला वाढवताना धरायचे तसं.

आणि रडता रडता रागही आला, जास्तच आला. हे काय बाबा, परस्पर ठरवून मोकळे? मला नाही म्हणता येत नाही हे तुम्हाला माहीत होतं, तर तेव्हा, स्टोव्हजवळ, का विचारलंत? आणि यावेळी मी नाही म्हटलं असतं तर? म्हणायचंच होतं मला कदाचित. भांडायचं होतं. तुमच्या पायाला तेल लावता लावता भांडायचं होतं. तुम्ही माझ्यासाठी हक्क ठेवलात आणि माझं भांडण घेऊन गेलात.

हे मी मोठ्याने म्हटलं की मनात, ते आता आठवत नाही. नीलम म्हणते मोठ्याने म्हटलं. आत पंगत बसली होती, त्यांनीही ऐकलं असेल.

सप्टेंबरात नीलम निघाली. विमान दुपारचं होतं. दोन बॅगा, त्यातली एक नुसती पुस्तकांची आणि माझ्या मसाल्यांची. टॅक्सी खाली आली होती, आकाश सामान घेऊन लिफ्टमध्ये गेला. घरात आम्ही दोघी. भिंतीवर बाबांचा फोटो, त्याखाली खिळ्याला त्यांचा चष्मा. चष्मा मीच लावलाय तिथे.

नीलमने बूट घातले, मग परत काढले. माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि माझे दोन्ही हात धरले.

"ताई," ती म्हणाली. "तुझं कॉलेज माझ्यामुळे गेलं. मी दीड वर्षाची होते, मला कळत नव्हतं, पण गेलं माझ्यामुळेच. तू जो इतिहास शिकणार होतीस तो मी शिकायला चाललेय. तुझा माझ्यावर हक्क आहे. सोडशील?"

मी एवढी वर्षं जे सगळं मनात जुळवून ठेवलं होतं, आधी गप्प बसेन, मग सांगेन, मग आयकार्ड दाखवेन, त्यातलं काहीच झालं नाही. शब्द तोंडात तयारच होता.

"सोडला," मी म्हटलं. "चल, टॅक्सीचं मीटर पडतंय."

ती खाली गेली. मी दाराला कुलूप लावायला मागे राहिले आणि फोटोकडे बघितलं.

"बघितलंत?" मी म्हटलं. "दोन सेकंद लागले. एवढंच होतं, बाबा."

तुमचा मात्र ठेवलाय.